देवी काढणाऱ्यांची फिरती

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे पेठ, सुरगाणा, हरसूल आणि त्र्यंबकच्या पाठीमागचा डोंगराळ मुलूख, ज्याने केवळ उन्हाळ्यात पाहिला त्याला तो खरा दिसलाच नाही असे म्हणावे लागेल. कारण मृगाचा पाऊस स्थिरावला आणि दमणगंगा, पार, नार या नद्या व त्यांना मिळणारे असंख्य ओहोळ दुथडी भरून वाहू लागले, म्हणजे डोंगरसोंडांवर विखुरलेले कोकणा, वारली आणि महादेव कोळी लोकांचे पाडे एकेका बेटाप्रमाणे जगापासून तुटून पडत. दूरच्या समुद्रातील बेटांवर आरोग्याची पाहणी करणाऱ्या वैद्यांना ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक येथे समुद्राविनाच हजर होत्या: विरळ वस्ती, अनिश्चित वाट, लस टिकू न देणारी उष्ण हवा, आणि सरकारी माणूस दिसताच सावध होणारी माणसे. या मुलखात घरोघर जाऊन माणसे मोजणाऱ्या, टोचणाऱ्या व नोंदणाऱ्या सामान्य नोकरांचा इतिहास कोणी सलग लिहिलेला मला तरी आढळला नाही. आणि आपल्या सार्वजनिक आरोग्याचा पाया इस्पितळांच्या इमारतींहून त्यांच्या पायपिटीवर अधिक उभा आहे, असे माझे दृढ मत आहे.

देवीची लस हिंदुस्थानात प्रथम आली ती बगदाद व बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस, आणि 14 जून 1802 रोजी ऍना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती प्रथम यशस्वी झाली. पेशवाईचा अंत होऊन 1818 मध्ये नाशिकचा प्रांत कंपनीच्या अमलाखाली आला, आणि पुढे 1827 मध्ये मुंबई इलाख्यात एक नवी व्यवस्था सुरू झाली: इलाख्याचे विभाग पाडून प्रत्येकावर एक अधीक्षक नेमावा आणि त्याच्या हाताखालील टोचणाऱ्यांनी दवाखान्यात रोग्याची वाट पाहत न बसता आखून दिलेल्या हद्दीत गावोगाव फिरावे, असा तो शिरस्ता होता. रोगी वैद्याकडे जातो ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिच्या जागी वैद्यानेच निरोगी माणसाच्या दारात जावे ही कल्पना त्या काळी किती विलक्षण वाटली असेल, याचा विचार आज सहसा कोणी करीत नाही.

या फिरतीचे स्वरूप लशीनेच ठरवून दिले होते. त्या वेळी लस बाटलीत साठवण्याची खात्रीची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस आठव्या दिवशी काढून दुसऱ्या मुलाच्या दंडात घालावी, अशी ती दंडोदंडी चालणारी परंपरा होती. म्हणून देवी काढणाऱ्यास, म्हणजे लस टोचणाऱ्यास, एकदा जाऊन भागत नसे. आठवडा सरताच त्याला त्याच उंबऱ्याशी परत यावे लागे, फोड नीट उठला की नाही हे पाहावे लागे, आणि आपल्या तान्ह्याच्या अंगातील लस परक्याच्या मुलाला देण्यास नाखूश असलेल्या आईची समजूत घालावी लागे. उन्हाळ्यात लस निकामी होई आणि पावसाळ्यात वाटा बंद होत, म्हणून हा सारा उद्योग मुख्यतः थंडीच्या महिन्यांतच उरकावा लागे. गावात पोहोचल्यावर मुक्काम चावडीत. पाटील व कुलकर्णी यांच्याकडून नव्या जन्मांची माहिती घ्यायची, कोतवालाकरवी दवंडी पिटवायची, आणि मग घरे धुंडायची. पाड्यावर मात्र ना चावडी, ना कुलकर्ण्याचे दप्तर. तेथे माहितीचे साधन एकच, म्हणजे दारात बसलेल्या म्हातारीशी बोलणे.

त्या म्हातारीच्या दृष्टीने देवी हा रोग नव्हताच, ते देवीचे येणे होते. ज्या घरात देवी निघाल्या तेथे फोडणी देत नसत, दाराशी व अंथरुणाशी कडुनिंबाचा पाला ठेवीत, आणि देवीचा कोप होईल या भयाने मोठ्याने बोलणेही वर्ज्य करीत. शिकलेल्या लोकांनी या आचाराला अज्ञान म्हणून हिणवले. परंतु रोग्याला शांत, थंड, गर्दीपासून दूर ठेवणारी ती एक शुश्रूषाच होती, आणि ज्या देवी काढणाऱ्याला हे उमगले त्याचे काम सोपे झाले.

या शांत संबंधाला मोठा तडा गेला तो प्लेगच्या वर्षांत. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 1865 मध्ये थळघाट ओलांडून आलेल्या लोहमार्गाने मुंबई नाशिकच्या दाराशी आणून ठेवली होतीच. आणि 1897 च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा होऊन सरकारला घर तपासण्याचा, माणूस उचलून विलगीकरणात नेण्याचा आणि सामान जाळण्याचा अधिकार मिळाला. पुण्यातील तपासणीचा शेवट प्लेग अधिकाऱ्याच्या खुनात झाला हे सर्वश्रुत आहे. नाशिकजवळच्या भगूर येथे सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत 1899 मध्ये प्लेगनेच गेले. घराघरांतून असे मृत्यू झाले. तपासनीस येत आहे म्हटल्यावर रोगी माळ्यावर लपवणारी, प्रेत रातोरात हलवणारी माणसे निर्बुद्ध नव्हती. त्यांनी राज्यसत्तेचा हात पाहिला होता आणि त्याला ओळखून ती वागत होती. मोजणी करणारा जेव्हा शिपाई घेऊन येतो, तेव्हा त्याच्या वहीत सत्य उतरत नाही, हा त्या वर्षांचा धडा सरकारदरबारी फार थोड्यांनी घेतला.

स्वातंत्र्यानंतर प्रथम आली ती हिवतापाची मोहीम. 1953 मध्ये राष्ट्रीय योजना सुरू झाली, 1958 मध्ये तिने निर्मूलनाचे ध्येय स्वीकारले, आणि फवारणीची तारीख भिंतीवर लिहिण्याची रीत पाड्यापाड्यांतून रूढ झाली. पुढे दर पंधरवड्याला दारी येऊन ‘कोणाला ताप आहे का?’ असे विचारणारा, बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेणारा आणि क्लोरोक्वीनच्या गोळ्या देणारा कर्मचारी हा या मुलखातील सरकारचा सर्वांत परिचित चेहरा झाला. तरीही देशात 1965 च्या सुमारास एक लाखापर्यंत उतरलेली हिवतापाच्या रोग्यांची संख्या 1976 मध्ये चौसष्ट लाखांवर गेली.

देवीचे मात्र भाग्य निराळे निघाले. 1962 मध्ये निर्मूलनाची राष्ट्रीय योजना आली. बेळगावच्या लससंस्थेसारख्या ठिकाणी तयार होणारी, गोठवून वाळवलेली लस उष्ण हवेतही टिकू लागली. दुभंगलेल्या टोकाच्या सुईने थोड्या लशीत पुष्कळ माणसे टोचता येऊ लागली. तरीही अंतिम यश मिळाले ते 1973 पासूनच्या शोधमोहिमांनी, ज्यांत कर्मचारी देवी निघालेल्या मुलाचे चित्र हाती घेऊन घरोघर, बाजारात, शाळेत विचारीत फिरत, आणि खबर देणाऱ्यास बक्षीस मिळे. ती रक्कम अखेर हजार रुपयांवर गेली. त्या घाईत काही ठिकाणी जबरदस्तीही झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. उग्र देवीचा या पृथ्वीवरील शेवटचा नैसर्गिक रोगी सापडला तो खरोखरच एका उष्ण बेटावर, बांगलादेशातील मेघनेच्या मुखाशी असलेल्या भोला बेटावर, 1975 च्या ऑक्टोबरात. रोगी एक चिमुरडी होती, आणि खबर दिली ती आठ वर्षांच्या दुसऱ्या मुलीने. शोधणाऱ्याने मुलांनाही विचारावे, ही साधी गोष्ट तेथे फळाला आली. 1977 च्या एप्रिलात आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

देवी गेली आणि देवी काढणाऱ्याचे पदही सरले. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने केलेल्या शिफारशीनुसार देवी, हिवताप, कुटुंबनियोजन अशी वेगवेगळी कामे करणारी माणसे बहुउद्देशीय कर्मचारी म्हणून एकत्र केली जाऊ लागली, आणि जुन्या फिरतीच्या वाटा त्यांच्या वाट्यास आल्या. 1995 मध्ये महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आखली. पाड्यावरचाच एक स्वयंसेवक पावसाळ्यासाठी नेमावा, भरारी पथकातील वैद्यकीय अधिकाऱ्याने पाडे फिरावेत, कुपोषित बालके हुडकावीत आणि वाटा बंद होण्यापूर्वी धान्य व औषधे पोहोचवावीत, अशी तीत तरतूद होती. पेठ व सुरगाण्यात ही पूर्वतयारी मृगापूर्वी व्हावी लागते; म्हणून त्या स्वयंसेवकाची निवड जूनच्या आत होणे मला त्या योजनेत सर्वांत महत्त्वाचे वाटते.