नारकोंडमचा धनेश आणि ह्यूमसाहेब

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव मराठी वाचकांस ठाऊक असते ते बहुधा एकाच कारणाने. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागे या निवृत्त सनदी अधिकाऱ्याची खटपट होती. परंतु के. आर. पुरमच्या तळ्याकाठी रविवारी सकाळी पाणकावळे न्याहाळणाऱ्या आम्हा कारकून मंडळींस ह्यूमसाहेब जवळचे वाटतात ते निराळ्या कारणाने. फायलींत बुडालेला हा गृहस्थ पक्षी पाहावयास सवड काढीत असे.

१८७३ च्या मार्चमध्ये, हिंदुस्थान सरकारच्या महसूल, शेतकी व व्यापार खात्याचे सचिव असतानाच, ते बंगालच्या उपसागरातील बेटांच्या सफरीवर निघाले. सोबत भूशास्त्र खात्याचे स्टॉलिझ्का व बॉल आणि कलकत्त्याच्या संग्रहालयाचे वुड-मेसन होते. अंदमानच्या पूर्वेस दोन ज्वालामुखी बेटे आहेत. त्यांतील बॅरन हे नावाप्रमाणेच उजाड. तेथील ज्वालामुखी १९९१ साली पुन्हा जागा झाला. उत्तरेकडील नारकोंडम मात्र दीर्घकाळ निद्रिस्त असून पायथ्यापासून माथ्यापर्यंत रानाने झाकलेले आहे. क्षेत्रफळ जेमतेम ७ चौरस किलोमीटर, आणि शिखर ७१० मीटर उंच! समुद्रातून एकाएकी उभा राहिलेला डोंगरच तो.

या रानात धनेश होते. नराची मान तांबूस, मादीची काळी, शेपटी दोघांचीही पांढरी. जगात अन्यत्र कोठेही हा पक्षी नाही. ह्यूमसाहेबांनी त्याच वर्षी त्यास शास्त्रीय नाव दिले. त्या काळी पक्षी आधी बंदुकीने टिपीत आणि मग वहीत टिपीत. आपल्या भाषेने दोहोंस एकच क्रियापद ठेवावे, हे थोडे बोचतेच.

पुढे १८७९ साली साहेबांचे सचिवपद गेले. सिमल्याच्या बंगल्यातील त्यांची पक्ष्यांविषयीची हस्तलिखिते नोकराने रद्दी म्हणून बाजारात विकली. वर्षानुवर्षांचे टिपण असे पुड्या बांधण्यास गेले! खचलेल्या साहेबांनी १८८५ सालीच आपला प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकिला.

नारकोंडमवर १९६९ साली पोलीस ठाणे बसले. तेथे बदली होऊन गेलेल्या शिपायांनी मांसासाठी शेळ्या नेल्या. शेळ्या रानात पसरल्या आणि कोवळी रोपे खाऊ लागल्या. नवी झाडेच वाढली नाहीत, तर फळांवर जगणाऱ्या धनेशाने खावे काय? तथापि बदलीच्या गावी आपणही अंगणात कोंबड्या पाळतो, वालाचा वेल चढवितो. त्या शिपायांस दोष देणे आमच्या जिवावर येते. शेळ्या पुढे बेटावरून हलविण्यात आल्या. १९७७ पासून बेट अभयारण्य आहे. तटरक्षक दलाचा तेथे रडार उभारण्याचा प्रस्ताव पर्यावरण मंत्रालयाने २०१२ साली फेटाळला आणि २०१४ साली मान्य केला. म्हैसूरच्या एका संशोधनसंस्थेच्या मंडळींनी २०२० साली बेटावर जाऊन पक्ष्यांचा अंदाज बांधला. धनेश सुमारे एक हजार भरले.