खिदमतगार आणि यंत्र

हैदराबादच्या आबिड्स चौकातून रोज हजारो माणसे जातात. परंतु हे नाव एका सेवकाचे आहे, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी आल्बर्ट आबिद नावाचे एक आर्मेनियन खिदमतगार होते. धन्याच्या पोशाखाची व्यवस्था पाहणाऱ्या या गृहस्थांनी या भागात स्वतःचे मोठे दुकान थाटले. दुकान गेले, नाव राहिले. मुसी ओलांडून पुरानी हवेलीत गेल्यास त्या निजामांचे दुमजली कपाट-दालन आजही पाहावयास मिळते. वरच्या मजल्यासाठी तेथे हाताने चालविण्याची लाकडी लिफ्ट आहे. एकदा ल्यालेला पोशाख ते पुन्हा अंगाला लावीत नसत, अशी आख्यायिका आहे. एवढा ऐश्वर्यवान पुरुष. पण सदरा हाती देणारा कोणी नसता, तर त्यांची सकाळ कशी सुरू झाली असती?

राजेरजवाड्यांची ही चैन यंत्रयुगाने घरोघर आणली, आणि तिच्यातील विनोद व्यंगचित्रपटांनी नेमका हेरला. डिस्ने यांच्या चित्रशाळेने १९३७ साली ‘मॉडर्न इन्व्हेन्शन्स’ हा छोटा बोलपट काढला. त्यातील डोनाल्ड हे बदक नव्या यंत्रांचे प्रदर्शन पाहावयास जाते. तेथे एक यांत्रिक खिदमतगार अदबीने त्याची टोपी काढून घेतो. बदक दुसरी टोपी घालते, तीही जाते. तिसरीचीही तीच गत. पुढे ते आपोआप हजामत करणाऱ्या खुर्चीत बसते. खुर्ची त्याला उलटे करते, आणि मग केस कापण्याची हत्यारे शेपटीची निगा राखतात, तर बुटांचे पॉलिश तोंडाला फासले जाते! खुर्चीची ही कल्पना सुचविणाऱ्या कार्ल बार्क्स यांना ५० डॉलर मिळाले.

हसू ओसरल्यावर ध्यानात येते, की ते यंत्र बिघडलेले नव्हतेच. आपले काम ते चोख करीत होते. डोके कोणते आणि शेपूट कोणती, एवढेच त्याला कळत नव्हते. आबिद चुकले असते, तर धन्याची मुद्रा पाहून थांबले असते. माणसावर विसंबणारा धनीही परावलंबीच खरा. पण त्याच्या चाकराला डोळे होते, मन होते, आणि एके दिवशी स्वतःचे दुकान थाटण्याची उमेदही होती.

आणखी एक गंमत पाहा. यंत्राची अशी थट्टा करणारे ते चित्रपट हातांनी रेखाटलेले असत. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला १,४४० चौकटी सरकतात. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्या नाचविल्या, त्याही अशाच एकेक चौकट टिपून. कॅमेरा हेही यंत्रच. परंतु नजर आणि चिकाटी माणसाची होती. यंत्र वापरणे निराळे आणि स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे निराळे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगावे? मागे एका रविवारी आबिड्सच्या पदपथावर जुनी पुस्तके चाळण्यात मला उशीर झाला. घरी कळवावे म्हटले, तो मोबाइल बंद पडलेला. पुस्तकविक्रेत्याने सौजन्याने आपला फोन पुढे केला. तो हातात घेऊन मी नुसता उभा! पत्नीचा क्रमांक काही केल्या आठवेना. मुलांकडून पाढे घोकून घेणारा मी शिक्षक!

त्या रात्री मी तो क्रमांक वहीत दहा वेळा लिहून काढला. वर्गात चुकणाऱ्या मुलाला मी हीच शिक्षा देत असतो.