सोनार, सुई आणि नवजात बाळ

‘सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. योग्य माणसाने सुनावलेले बोल मुकाट्याने ऐकले जातात, हा तिचा अर्थ. पण बाराव्या दिवशी ज्याचे कान टोचतात, त्या बाळाचे काय? त्याला सांगता येत नाही. आणि ज्याला सांगता येत नाही त्याला दुखतही नाही, असा समज विसाव्या शतकातल्या वैद्यकानेही पुष्कळ काळ बाळगला होता.

या समजाला शास्त्राचा आधारही दिला जाई. अमेरिकेतील मर्टल मॅक्ग्रॉ यांनी तान्ह्या मुलांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली नोंदवल्या आणि १९४१ साली प्रसिद्ध केल्या. अगदी सुरुवातीच्या दिवसांतला प्रतिसाद मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंत पोचत नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. दुसरा युक्तिवाद चेतातंतूंचा. नवजात बाळाच्या अनेक तंतूंवर मायलिनचे आवरण पुरते चढलेले नसते. तेव्हा वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत कसा जाणार?

यातली चूक वरच्या वर्गातला विद्यार्थीही शोधू शकेल. मोठ्या माणसातही वेदनेचे संदेश मायलिन नसलेल्या किंवा त्याचा पातळ थर असलेल्या तंतूंमधूनच जातात. आवरण नसेल तर संदेश सावकाश जातो, थांबत नाही. आणि बाळाच्या शरीरात अंतरही थोडेच असते. उलट, वेदनेला आवर घालणारे जे मार्ग मेंदूकडून खाली येतात, ते जन्माच्या वेळी पुरते तयार नसतात.

या समजापायी १९८० च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अनेक ठिकाणी पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधामुळे बाळ हलत नसे, इतकेच. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी याची परीक्षा घेतली. हृदयाजवळील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया करायच्या १६ बाळांपैकी ८ जणांना नेहमीच्या औषधांबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिले. त्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कमी वाढली, आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. हा अभ्यास १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही भूल द्यावी, असे जाहीर केले.

शस्त्रक्रिया थोड्यांच्या वाट्याला येते. सुई मात्र सर्वांच्याच. आपल्याकडे जन्मताच बीसीजी आणि कावीळ-बची लस टोचतात. पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पुन्हा सुया असतात. १९९१ साली ब्लास आणि हॉफमेयर यांना असे आढळले, की टाचेतून रक्त घेण्यापूर्वी २ मिलिलिटर साखरपाणी दिलेली बाळे, साधे पाणी दिलेल्या बाळांच्या निम्मीच रडतात. २००३ साली फ्रान्समधील कार्बाहाल यांनी सुईच्या दोन मिनिटे आधीपासून बाळाला अंगावर पाजायला सुरुवात केली आणि सुई टोचून होईपर्यंत पाजणे चालू ठेवले. वेदनेची लक्षणे स्पष्ट घटली. लस टोचताना बाळ आईजवळ असावे आणि अंगावर पीत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले आहे.

येथे दोन इशारे द्यायला हवेत. पहिला, गोड म्हणून मध चाटवू नये. त्यातील जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. साखरपाणीही दवाखान्यातच, मोजून द्यायचे असते. दुसरा इशारा शास्त्रज्ञांसाठी आहे. २०१० साली लंडनमध्ये रेबेका स्लेटर आणि सहकाऱ्यांनी बाळांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या. साखरेने चेहरा शांत झाला, पण मेंदूचा प्रतिसाद घटलेला दिसला नाही. या निष्कर्षावर वाद आहे. तरी बाळ गप्प आहे म्हणजे त्याला दुखत नाही, ही जुनी चूक नव्या रूपात होऊ नये, एवढे त्यातून घ्यावे.

कसारा, शहापूर, मुरबाडकडच्या आरोग्य केंद्रांत आपलेच विद्यार्थी पुढे परिचारिका, आशाताई किंवा आईबाप म्हणून जाणार आहेत. या कामाला नवे यंत्र लागत नाही. सुईआधीची दोन मिनिटे लागतात, आणि आईला ‘पाजत राहा’ असे सांगणारे कोणीतरी लागते.