गहू न सोसणारी मुले

गहू म्हणजे कसदार अन्न, अशी आपली समजूत आहे. पाहुणा आला की पोळी, आजारी माणूस उठून बसला की त्याला रव्याची खीर. हाच गहू एखाद्या लेकराला बाधतो, असे कोणी सांगितले तर घरातली वडील माणसे हसण्यावारी नेतील. त्यांना तरी दोष का द्यावा? मोठमोठ्या वैद्यांनाही ही गोष्ट उमगायला सतराशे-अठराशे वर्षे लागली. त्याचीच हकीगत आज आपणांस सांगायची आहे.

या रोगाचे नाव सिलियाक. दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशिया प्रांतातल्या अरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने असे रोगी पाहून ठेवले होते. खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, जुलाब होतात, माणूस वाळत जातो. ग्रीक भाषेत पोटाला जो शब्द आहे, त्यावरूनच रोगाचे नाव पडले.

पुढे १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी लहान मुलांतल्या या रोगाचे नेमके वर्णन केले. हातपाय काटकुळे, पोट मात्र नगाऱ्यासारखे, मूल किरकिरे आणि खुरटलेले. हे मूल बरे व्हायचेच असेल तर ते आहारानेच होईल, हे गी यांनी बरोबर ओळखले. एका मुलाला रोज हॉलंडचे शिंपले खायला दिले, तर ते चांगले बाळसे धरू लागले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणे पुन्हा आले. पुढच्या हंगामात मूल शिंपल्यांना तोंड लावीना! पण गंमत पाहा, गी यांनी मुलांचा भात बंद केला आणि पावाचे पातळ भाजलेले काप चालू ठेवले. चोर घरातच राहिला.

१९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडने हास यांनी केळ्यांचा आहार काढला. पाव, बटाटे, धान्ये बंद, केळी भरपूर. मुले सुधारली. म्हणून सगळ्यांनी श्रेय दिले केळ्यांना. वास्तविक गुण केळ्यांचा नव्हता, पाव बंद झाला त्याचा होता. मूल जरा धडधाकट झाले की कोणी त्याला पुन्हा पाव द्यावा आणि रोगाने आतून पोखरत राहावे, असे होत राहिले.

खरा चोर पकडला तो हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. हेग शहरातल्या जुलियाना मुलांच्या रुग्णालयाचे ते १९३६ पासून प्रमुख होते. पाव बंद केला की मुलाला बरे वाटते, असे एका आईने त्यांना सांगितले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. डिके यांनी ती बायकी कल्पना म्हणून झटकून टाकली नाही. त्यांनी मुलांचा गहू बंद करून पाहिला, आणि १९४१ साली त्याविषयी लिहिलेही.

मग आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली, कालवे गोठले. लोकांनी ट्यूलिपच्या फुलझाडांचे कंद आणि साखरेचे बीट खाऊन दिवस काढले. सुमारे २०,००० माणसे उपासमारीने गेली. पाव दुर्मिळ झाला, तेव्हा सिलियाकची मुले मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, असे सांगतात. पण दुष्काळाने डिके यांचे डोळे उघडले असे म्हणणे बरोबर नाही. संशय त्यांना आधीपासूनच होता. आणि नुसत्या संशयावर ते थांबले नाहीत. युट्रेक्टच्या फान डे कामर आणि वेयर्स या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मुलांना गहू देऊन, बंद करून, पुन्हा देऊन पाहिले. दर वेळी किती चरबी न पचता शौचावाटे जाते ते मोजले. १९५० साली डिके यांचा प्रबंध बाहेर आला. १९५२ साली इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम येथे शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गव्हातले पिष्ट निरुपद्रवी आहे. बाधतो तो त्यातला चिकट भाग, म्हणजे ग्लुटेन.

हे ग्लुटेन शिक्षकांना वर्गात सहज दाखवता येईल. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहा. पांढरे पाणी निघून जाते आणि हाती रबरासारखा लगदा उरतो. हेच ग्लुटेन पावात हवा धरून ठेवते, म्हणून पाव फुगतो. सिलियाकच्या रोग्यात मात्र त्याच्या विरुद्ध शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या मखमलीसारख्या बारीक लवा झिजून सपाट होतात, मग अन्न शोषले जात नाही.

ग्लुटेनवाचून पाव भाजणे युरोपातल्या आयांना मोठे कोडे होते. पाव बसतो, भुगा होतो. आपल्या घरांतून हे कोडे पूर्वीच सुटलेले आहे. ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांत हे ग्लुटेन नसते. म्हणून त्यांची पोळीसारखी लाटणी होत नाही. आपल्या आयाबहिणी पिठात आधणाचे पाणी घालतात, पीठ चिकटून येते, आणि हाताने भाकरी थापतात. तांदूळ, वरी, राजगिरा, शिंगाडा हेही चालतात. गव्हाबरोबर जव आणि राय मात्र वर्ज्य.

हा गोऱ्यांचा रोग, असे पूर्वी मानीत. तसे नाही. दिल्ली परिसरातल्या एका पाहणीत, जी २०११ साली प्रसिद्ध झाली, शंभरात सुमारे एकाला हा रोग आढळला. तेव्हा वर्गात एखादे मूल वारंवार जुलाबाने गैरहजर राहते, वाढत नाही, रक्त कमी असल्याने फिके दिसते, तर त्याला नुसते अशक्त म्हणून सोडू नका. पालकांना सांगून डॉक्टरांकडे पाठवा. रक्ताच्या तपासणीने माग लागतो, आणि बहुधा आतड्याचा बारीक तुकडा तपासून खात्री करतात. पण तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर रोग लपून जातो.

निदान झाले की पथ्य जन्माचे, एका घासाचीही सूट नाही. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी चालत नाही; घरी जाते असेल तर ते उत्तम, पण त्यातही गहू दळू नये. बाजारच्या बांधानी हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. आणि पंगतीत त्या मुलाला पोळीचा आग्रह करू नये. "एका तुकड्याने काय होते?" हा प्रेमाचा शब्दच त्याला नडतो. त्याच्या पानावर भाकरी वाढावी, आणि चार मुलांत त्याला वेगळे वाटणार नाही अशा रीतीने वाढावी.