गुळाचा रंग

आमच्या कोल्हापूर भागात गोडधोड म्हटलं की आधी गूळ, मग साखर. पुरणपोळी, तिळाचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, सगळ्याला गूळच. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली आणि इथल्या गुळाला बाजार मिळाला. तेव्हापासून ऊस लावायचा तो गुऱ्हाळासाठी, हेच आमच्या बापजाद्यांचं गणित.

माझ्या लहानपणी शिवारात सातशे चाळीस जातीचा ऊस असायचा. दिवाळी झाली की चुलवाण पेटायचं. जळण उसाच्या चिपाडांचंच. काहिलीत रस तापला की रानभेंडी ठेचून काढलेला चीक त्यात सोडायचा. त्या चिकाला धरून मळी वर यायची, ती काढून टाकायची. पुढचं सगळं गुळव्याच्या नजरेवर. पाक लवकर उतरवला तर काकवी. पाण्यात टाकलेल्या पाकाची गोळी वळली तर गूळ. आणखी जरा पुढं नेला तर चिक्कीचा गूळ. रस एकच, पण तिन्हीची चव न्यारी. रंग तांबूस यायचा, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

पुढं पेठेत पिवळ्याधमक गुळाला चढा दर मिळायला लागला. शहरातलं गिऱ्हाईक रंग बघून गूळ घ्यायचं. मग गुऱ्हाळावर हायड्रॉसची पांढरी पावडर आली. चिमूटभर टाकली की पाक उजळायचा. थोरलीच्या लग्नाचं साल होतं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. मीही टाकली. रव्याला दर चांगला मिळाला, लग्न पार पडलं.

त्या शिमग्याला घरी त्याच गुळाचं पुरण शिजलं. आईला मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं. तिनं पुरण चाखलं आन् विचारलं, "बाळा, ह्यो गूळ कुणाचा?"

"आपलाच की, आई."

"न्हवं. आपल्या गुळाला काडीपेटीचा वास येत न्हाई."

मला तोंड वर करवेना. पुढच्या हंगामापासून घरासाठी एक काहील बिनपावडरीची काढायला लागलो. बाजाराला मात्र आणखी सहा वर्षं पिवळाच गूळ गेला. स्वतः खायचं एक आणि लोकांना द्यायचं दुसरं, हे आज लिहितानाही लाज वाटते. धाकट्याचं शिक्षण आटोपलं, कर्ज फिटलं, तेव्हा कुठं पावडरीचा डबा उकिरड्यावर टाकला. पहिली दोन वर्षं दर पडला. सोसलं.

2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा आई नव्हती. आता शहरातली माणसं गाडी घेऊन बांधावर येतात आणि तांबूस गूळ मागतात. जो रंग घालवायला आम्ही पावडर टाकली, त्याच रंगाला आज जास्त पैसे मोजतात.

मी त्यांना एवढंच सांगतो, पिवळ्याला भुलू नका आणि काळ्यालाही भुलू नका. बारीकसा खडा जिभेवर ठेवा. आईनं डोळे नसताना ओळखला, तुम्हालाही ओळखेल.