मुलाला राज्य चाचणीतून वगळायचे? अमेरिकेतील पालकांचा हक्क आणि त्याची मर्यादा

अमेरिकेतील सरकारी शाळांत दरवर्षी राज्याची एक सामाईक चाचणी होते. आपल्या मुलाने ती देऊ नये, असे पालकांनी शाळेला कळवणे म्हणजे 'ऑप्ट आउट'. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या आपल्या कुटुंबांपुढेही हा प्रश्न येतो, म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

चाचणी आली कुठून?
जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कूलात एकदा, वाचन व गणिताची चाचणी सक्तीची झाली. डिसेंबर २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याने ती कायम ठेवली. किमान ९५ टक्के मुलांनी, आणि प्रत्येक गटातल्याही तितक्याच मुलांनी, ती द्यावी ही अट आहे. पण वगळू द्यायचे की नाही, हे राज्यांवर सोडले आहे.

राज्याराज्यांत फरक
- कॅलिफोर्निया: शिक्षण संहितेच्या कलम ६०६१५ नुसार पालकाचा लेखी अर्ज शाळेला मान्य करावाच लागतो. शिक्षक या हक्काची माहिती देऊ शकतात, पण अर्ज करा असा आग्रह धरू शकत नाहीत.
- न्यूयॉर्क: २०१५ साली तिसरी ते आठवीच्या सुमारे २० टक्के मुलांनी चाचणी नाकारली.
- टेक्सास: चाचणी टाळण्यासाठी मुलाला वर्गातून काढण्याचा हक्क कायदा देत नाही.
- फ्लोरिडा: तिसरीची वाचन चाचणी चौथीच्या प्रवेशाशी जोडलेली आहे. इथे नकार देण्याआधी शाळेशी नीट बोला.

भाषेची चाचणी वेगळी
प्रवेशाच्या वेळी 'घरी कोणती भाषा बोलता?' असा फॉर्म भरून घेतात. उर्दू किंवा मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची चाचणी होऊ शकते. त्यात मूल कमी पडले, तर पुरेसे इंग्रजी येईपर्यंत ती दरवर्षी होते. कॅलिफोर्नियात कलम ६०६१५ चा अर्ज या चाचणीला चालत नाही. इंग्रजीचा जादा वर्ग पालक नाकारू शकतात, तरी चाचणी द्यावीच लागते. मात्र या भीतीने घरची भाषा लपवू नका. मुलाला मदत हवी असेल, तर ती याच नोंदीतून मिळते.

नकार देण्याआधी
लहान मुलांवरचा ताण खरा आहे, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. पण दुसरी बाजूही आहे. मे २०१५ मध्ये एनएएसीपीसह १२ नागरी हक्क संघटनांनी ऑप्ट आउट मोहिमेला जाहीर विरोध केला. आकडेच नसतील तर गरीब, काळ्या आणि स्थलांतरित मुलांकडे होणारे दुर्लक्ष दाखवायचे कशाने, हा त्यांचा मुद्दा. आपल्याला तो समजायला जड नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपल्या समाजाची तालीम कुठे अडली, हे आकड्यांतूनच देशापुढे मांडले.

म्हणून शाळेला तीन गोष्टी विचारा: ही चाचणी नेमकी कोणती? तिच्यावर पुढच्या वर्गाचा प्रवेश अवलंबून आहे का? त्या वेळात मूल कुठे बसेल? उत्तरे लेखी घ्या आणि मगच ठरवा.