वेशीवरून जाणारी रेल्वे

साल १८५४, मे महिना. तुम्ही भिवंडीचे भाताचे व्यापारी. कोनला बैलगाडी सोडलीत, पोती होडीत चढवलीत आणि खाडी ओलांडून दुर्गाडी किल्ल्याखाली उतरलात. कल्याणला १ मेपासून आगगाडी आली आहे. वाफेचा फुत्कार ऐकून तुमचा हमाल दोन पावलं मागे सरकतो. ही गाडी ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. कंपनी लंडनची, पण तिच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी सरकारची. म्हणजे तोटा झाला तर भरपाई तुमच्या शेतसाऱ्यातून! भिवंडीला रूळ का नाहीत, असं विचारू नका. कंपनीला थळ आणि बोर घाट चढून देशावरच्या कापसापर्यंत पोचायचंय. खाडीपलीकडची भिवंडी तिच्या वाटेवर नाही.

जरा पुढे चला. १८५७ नंतर उत्तरेतून आलेले विणकर गावात हातमाग मांडतात, पुढे यंत्रमागांची खटखट सुरू होते. १ जुलै १९२५ला कंपनीचा कारभार सरकारकडे जातो, ५ नोव्हेंबर १९५१ला तिची मध्य रेल्वे होते. पाट्या बदलल्या, पण तुमचे तागे अजून रस्त्यानेच कल्याणला जातात.

ऐंशीच्या दशकात दिवा-वसई मार्गावर तुम्हाला एकदाचं स्टेशन मिळतं. तेही गावाबाहेर, अंजूरफाट्याकडे. गाड्या मोजक्या. एक चुकली की रिक्षा नाहीतर एसटी.

आता २०२० गाठा. टाळेबंदीनंतर माणसं घरूनच खरेदी करताहेत, भिवंडीच्या गोदामांत खोक्यांच्या थप्प्या लागल्यात आणि त्याच भिवंडी रोड स्टेशनच्या फलाटावर पार्सलगाडी उभी आहे. तुम्ही टेम्पोतून खोकी उतरवताय. घामाने भिजलेला मास्क हनुवटीवर, हातात चिकटपट्टी. माल चाललाय आझाराला. कोल्हापूरचं आजरा नव्हे, गुवाहाटीजवळचं! दीडशेहून जास्त वर्षं गेली, तेव्हा कुठे रेल्वेला या गावाचा माल दिसला.

त्याआधीच, केवळ मालगाड्यांसाठी रूळ टाकायला सरकारने ३० ऑक्टोबर २००६ला वेगळी कंपनी काढली, समर्पित मालवाहतूक मार्गिका महामंडळ. दादरी ते जेएनपीटी बंदर हा तिचा सुमारे १,५०० किलोमीटरचा पश्चिम मार्ग खारबावच्या बाजूने भिवंडी तालुक्यातून जातो. एकावर एक चढवलेले कंटेनर ओढायची त्याची ताकद. पण तुमच्या गाळ्यातला माल त्यावर चढवायची सोय जवळपास नसेल, तर अंजूरफाट्यावरचा एकही ट्रेलर कमी व्हायचा नाही.

दिवा-वसई आणि या मालमार्गानंतरची तिसरी पाहुणी बुलेट ट्रेन. तिची कंपनी फेब्रुवारी २०१६ची. कारडेपोसाठी जागा निवडली ती तुमच्याच तालुक्यात, अंजूर-भरोडीला. ठाण्याचं स्थानक मात्र दिव्याजवळ, म्हातार्डीला. म्हणजे गाड्यांची धुलाई-दुरुस्ती भिवंडीत आणि भिवंडीकराने बसायला जायचं खाडीपलीकडे.